मारबतीनं नेलेलं भांडण

बकारामची ओळख करून द्यायची तर मारबतीपासूनच करावी लागेल. बाकी सगळं तो आमच्या बेहळीटोल्यावरच्या, या लहानशा वस्तीतल्या, इतर माणसांसारखंच करतो. ठेक्यानं घेतलेली धानाची शेती कसतो, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जातो, मोहाच्या दिवसांत पहाटे टोपली घेऊन निघतो. पण मारबत करायची ती त्यानंच. त्याच्या आधी त्याचा बाप करायचा.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. पळसाच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर जुनं लुगडं आणि बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, काळ्या मातीचं तोंड, अशी ती बाई असते. तिला खांद्यावर घेऊन गावभर फिरवतात. बाया घरातला झिजलेला झाडू, फुटकं सूप बाहेर टाकतात. पोरं ओरडतात, "खाशी, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मग शिवेबाहेर, कारी नाल्याच्या पलीकडे नेऊन तिला पेटवतात आणि मागे न पाहता घरी येतात. मारबतीसमोर ज्याचं नाव घ्याल ते ती नेते, असा समज आहे. तिथली एक काडीसुद्धा गावात परत आणायची नाही, असाही नियम आहे.

बकारामचा आवाज मोठा, आणि जिभेला हाड नाही. दरवर्षी तो रोगराईबरोबर आणखी काहीबाही पाठवायचा. "तलाठ्याची डुलकी घेऊन जा गे मारबत!" "छोटेलालच्या घोरन्याले घेऊन जा गे मारबत!" लोक पोट धरून हसायचे. छोटेलालची बायको राजकुमारी दुसऱ्या दिवशी येऊन सांगायची, "नाई नेलं गा बकाराम, रातभर घोरला."

त्याची बायको नंदाबाई मात्र मारबतीच्या तोंडाकडे कधी बघत नसे. लुगडं तिचंच असायचं. मिरवणूक दारात आली की ती सगळ्यात शेवटी झाडू टाकायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलायची. ती काय बोलते हे कोणी विचारलं नाही. तिला पावसाळ्यात जुना खोकला उठतो, तोच देत असेल, असं बकाराम धरून चालला होता. आम्हीही तेच धरून चाललो.

आता शाळेचं सांगतो. मी टपालखात्यात होतो, पत्रं वाटण्यापलीकडे फारसं लिहिलेलं नाही, तेव्हा मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्यावं.

पूर्वी टोल्यावर शाळा नव्हती. मुलं कारी नाला ओलांडून सोनझारीला जायची. बकाराम आणि नंदाबाईला एकच मुलगा होता, सुकराम. एका पावसाळ्यात शाळेतून परत येताना नाल्यानं त्याला नेलं. दप्तर काठावरच्या बाभळीत अडकलेलं सापडलं. पोरगा फार खाली सापडला. त्याच्या पुढच्या वर्षी टोल्याला वस्तीशाळा मिळाली आणि कालांतरानं जिल्हा परिषदेच्या दोन खोल्या झाल्या. पायवा खोदायला बकाराम स्वतःची सब्बल घेऊन गेला होता. नंदाबाई तेव्हापासून शाळेत खिचडी शिजवते. "ही शाळा आमच्या सुकरामच्या जिवावर आली" असं त्या दोघांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. एवढंच, की शाळेवरून जाताना बकाराम भिंतीला तळहात लावतो. बैलाच्या पाठीला लावतात तसा.

त्याच्या पुतणीची मुलगी उर्वशी त्यांच्याकडे राहते, कारण पुतणी नवऱ्याबरोबर पुण्याकडे कामाला गेली आहे. उर्वशी तिसरीत गेली तेव्हा बकाराम पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झाला. तो कोणत्याच पक्षाचा नव्हता, म्हणून झाला.

पक्षाचं असं आहे. टोल्यावर दोन पार आहेत. वरच्या पिंपळाच्या पारावर हेमेंद्रची माणसं बसतात. हेमेंद्रचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे, तिथं बाटलीतलं पेट्रोलही मिळतं, आणि तो सत्तेतल्या पक्षाचा आहे. खालच्या कडुनिंबाच्या पारावर गोवर्धनची माणसं असतात. तो विरोधी पक्षाचा. कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या 'समूह शाळेत' मिळवायच्या, असं वरून आलं तेव्हा हे दोन पार पेटले. आमच्या मुलांनी पुन्हा सोनझारीला जायचं, समितीनं तसा ठराव द्यायचा, आणि सरकार गाडी देणार.

सभा बकारामच्या अंगणात व्हायच्या. मला कोपऱ्यात बसायला बोलवायचे, कारण मी बोलत नाही.

"एक मॅडम अन् पाच वर्ग," हेमेंद्र म्हणायचा. "तिलेच शिकवनं, तिलेच कागदं भरनं. हे शिक्षन होय का? सोनझारीले वर्गागनिक मास्तर आहे, कम्प्युटर आहे. पोरं गाडीत बसून जातीन. क्या तकलीफ है?"

"गाडी!" गोवर्धन हसायचा. "तुमच्या सरकारची गाडी का? आमच्या रस्त्यानं बकरी घसरते, बाप्पा. अन् नाल्याले पूर आला का गाडी पवून जाईन?"

"मागच्या टायमाले तुमचं सरकार होतं तं तूच म्हनत होता ना बे, मोठी शाळा पाह्यजे म्हनून?"

"अन् तू रस्त्यावर झोपला होता, शाळा वाचवाले. विसरला का? मीच चाय आनून देल्ली होती तुले."

"साखर नोती त्याच्यात."

लोक हसायचे, आणि मग पुन्हा कोणाचा तरी आवाज चढायचा. गोवर्धनचं म्हणणं खरंच होतं आणि हेमेंद्रचंही. आधीच्या सरकारात बोलणी हीच होती, फक्त बोलणारी तोंडं उलटी होती.

पण त्या भांडणात शाळा चालत होती, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही. रुची मॅडम आमगावहून स्कूटीवर येतात. त्यांना थोडा उशीर झाला की खालच्या पारावरून पंचायत समितीत फोन जायचा. पत्रा गळला तर गोवर्धन मोबाइलवर फोटो फिरवायचा, आणि दुसऱ्याच दिवशी हेमेंद्र आपल्या खर्चानं पत्रा बदलून त्याचा फोटो फिरवायचा. शहरातल्या खासगी शाळेची व्हॅन टोल्यावर आली, तर "कोन पाठवते पोट्टे पाहूच" म्हणून दोन्ही पारांवरची माणसं उठून उभी राहायची. ठरावाचा कागद आला की एक पार सही करायला निघायचा आणि दुसरा त्याचा हात धरायचा.

मग एक दिवस नंदाबाई खिचडीचं गंज घेऊन वाढायला आली, तर मुलं दोन ओळींत बसलेली. वरच्या पाराची एका ओळीत, खालच्या पाराची दुसऱ्या ओळीत. कोणी बसवलं नव्हतं, त्यांचं तेच ठरलं होतं. उर्वशी, कोणत्याच पाराची नसलेली, मधे ताट घेऊन उभी होती. नंदाबाईनं हे घरी सांगितलं तेव्हा बकाराम जेवता जेवता उठला. त्या दिवशी तो शाळेवरून गेला पण त्यानं भिंतीला हात लावला नाही. मी पाहिलं.

हा गेल्या वर्षीच्या पोळ्याच्या थोडं आधीचा प्रकार.

मारबतीच्या सकाळी दोन्ही पारांची पोरं पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन आली. नागपूरच्या बडग्यांवर, म्हणजे मारबतीबरोबर निघणाऱ्या पुतळ्यांवर, पुढाऱ्यांची नावं लावतात, ते त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. एका पाटीवर "पडकी शाळा घेऊन जा" आणि दुसऱ्या पाटीवर "सरकारी समूह शाळा घेऊन जा" असं लिहिलं होतं. प्रत्येकाला आपली पाटी मारबतीच्या गळ्यात बांधायची होती.

बकाराम ओरडला, "शाळेचं नाव काढू नका रे तिच्यापुढं! जाईन ना!"

"काका, तुमी हे कवापासून खरं मानता?" हेमेंद्र म्हणाला.

"खरं मानत नाई. तरी नोका काढू."

त्यानं दोन्ही पाट्या फाडल्या. मग कोणाची पाटी आधी फाडली यावरून वाटभर जुंपली. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. पलीकडच्या काठावर मारबत टेकवली, तोंड नेहमीप्रमाणे गावाच्या उलट्या बाजूला, जंगलाकडे. तरी ढकलाढकली चालूच. कोणाचा तरी सदरा फाटला. तेव्हा बकारामनं छाती भरून हाक दिली, इतकी मोठी, की मी इकडच्या काठावर म्हाताऱ्यांत होतो तरी माझ्या कानात दडे बसले.

"हे भांडन घेऊन जा गे मारबत!"

सगळे हसले. मग दोन्ही पारांच्या पोरांनी तीच आरोळी उचलली. "भांडन घेऊन जा गे मारबत!" हेमेंद्र आणि गोवर्धनही ओरडले. काड्या ओल्या होत्या, दरवर्षी रॉकेल टाकावं लागतं. त्या दिवशी काडी लावली आणि ती एकदम पेटली. धूर वर गेला नाही. पाण्यावरून सरपटत आमच्याकडे आला, आमच्या पायांशी थोडा थांबला आणि परत गेला. मी म्हातारा माणूस, नजर अधू आहे, पण मला तसं दिसलं.

मग सगळे परतले. नाला ओलांडताना हेमेंद्रनं गोवर्धनचा हात धरला होता.

पहिले काही दिवस आम्हाला बरं वाटलं. नंतर मला ते जाणवायला लागलं. हातपंपावर बाया एकमेकींना आपली पाळी देत होत्या. एक बाई दुसरीला, दुसरी तिसरीला. हंडे रिकामे, आणि कोणीच पंप हापसत नव्हतं. राजकुमारीनं छोटेलालला घोरण्यावरून बोलणं सोडलं. बांधावरून कोणाची गाय धानात शिरली तर धानाचा मालक नुसता उभा राहून बघायचा. खालच्या पारावर आता कोणी बसत नव्हतं. सगळे वरच्या पारावर बसत, आणि गप्प बसत.

एका संध्याकाळी बकाराम माझ्याकडे आला. मला तो डाकबाबू म्हणतो.

"डाकबाबू, आज मी मुद्दाम भाजीत मूठभर मीठ टाकलं."

"मग?"

"खाल्ली तिनं. काई बोलली नाई. एवढ्या वर्षांत असं झालं नाई. मले रडू आलं."

तो हसत होता, पण हात मांडीवर घट्ट धरून.

त्याच आठवड्यात रुची मॅडम शाळेच्या फाटकात भेटल्या. आत मुलं बसली होती, पण आवाज नव्हता. "काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काल मी मुद्दाम तास-दीड तास उशिरा आले. मुलं बाहेर उभी होती, पालकही होते. सगळे माझ्याकडे बघून हसले. कोणी काही म्हणालं नाही. मला फार भीती वाटली."

मग शहरातली व्हॅन आली. कोणी उठलं नाही. एक मूल चढलं, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. पत्रा गळू लागला. फोटो कोणी काढला नाही. केंद्रप्रमुख ठरावाचा कागद घेऊन आले, तेव्हा समितीच्या सगळ्या सदस्यांनी रांगेत उभं राहून सह्या केल्या. केंद्रप्रमुखच गोंधळले. "वाचून तर घ्या," म्हणाले. कोणी वाचलं नाही. अध्यक्षाची सही तेवढी राहिली. बकारामनं शनिवारपर्यंत मुदत मागितली, आणि शनिवारी शाळेत सभा ठेवली. त्यानं सही केली नसती तर त्या सभेत दुसरा अध्यक्ष निवडला असता आणि त्यानं केली असती. नाही म्हणणारा कोणी उरलाच नव्हता.

शुक्रवारी दुपारी तो मला घेऊन पारावर गेला. हेमेंद्र आणि गोवर्धन शेजारी शेजारी बसले होते.

"गोवर्धन, शाळा चालली ना बाप्पा हातची."

"हो गा काका."

"तुले काई वाटत नाई?"

"वाटते ना. धान पिवळं पडून राहिलं. युरिया भेटत नाई."

"मी देतो तुले," हेमेंद्र म्हणाला.

"हेमेंद्र, तुझ्या मनासारखं झालं," बकाराम म्हणाला. "नाच ना बे मंग. फटाके फोड. गोवर्धनले चिडव."

"कायले?" हेमेंद्रनं अगदी मऊ आवाजात विचारलं.

दोघंही बोलताना आमच्याकडे पाहत नव्हते. रस्त्यावर एका जागी पाहत होते, दोघंही एकाच जागी. तिथं काही नव्हतं. 

परत येताना बकाराम म्हणाला, "मी गलती केली, डाकबाबू. भांडन होतं तोवर दोघंही शाळेवर डोळा ठेवून होते. एकाची चूक झाली का दुसरा धरत होता. आता कोनाचाच डोळा नाई तिच्यावर. मी आनतो परत."

"काय आणतोस?"

"जे मारबतीनं नेलं ते."

मी त्याला काडीसुद्धा परत न आणण्याच्या नियमाची आठवण करून दिली. तो म्हणाला, मला माहीत आहे, म्हणून आधी घरी विचारतो. मी ओसरीवर थांबलो. आत नंदाबाई तांदूळ निवडत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. सुपाचा आवाज चालूच होता.

मग तिनं विचारलं, "एकच आनता येत नाई? जे जे देल्लं ते सारं येईन का?"

"सारं येईन. तुझा खोकला बी येईन."

"खोकला," नंदाबाई म्हणाली, आणि सुपाचा आवाज थांबला. "येऊ द्या मंग. शाळा नाई गेली पाह्यजे."

शनिवारी सकाळी मी त्याच्याबरोबर नाल्यापर्यंत गेलो. आभाळ दाटून आलं होतं, पण पाऊस नव्हता. तिथं पाणकोंबड्या असतात, बगळे असतात. त्या दिवशी एक पाखरू नव्हतं. पाणी मांडीपर्यंत वाढलं होतं आणि वाहत असूनही आवाज करत नव्हतं. मला सोबत पलीकडे जायचं होतं, पण पाय उचलला नाही. बकाराम एकटाच उतरला.

पोळ्यानंतर कितीतरी पाऊस झाला होता. राख केव्हाच वाहून जायला हवी होती. ती तिथंच होती, काळी, कोरडी, गोल; मला इकडून डागासारखी दिसली, बाकी त्यानं नंतर सांगितलं. चारी बाजूंना गवत वाढलेलं, आणि त्या गोलात एक पातं नाही. मधे मारबतीचं तोंड होतं. आगीत भाजून ते विटेसारखं लाल झालं होतं. आम्ही ते जंगलाकडे करून ठेवलं होतं. आता ते गावाकडे पाहत होतं.

बकारामनं हात जोडले, खांद्यावरचा दुपट्टा काढला, ते तोंड त्यात गुंडाळलं आणि छातीशी धरून पाण्यात उतरला. मधोमध आल्यावर तो थांबला. त्याची मान थोडी वळली, कोणी मागून बोलावल्यावर वळते तशी. मी घाबरून ओरडलो, "मागं पाहू नको!" त्यानं पाहिलं नाही. पण बराच वेळ तो तसाच उभा राहिला, पाण्यात.

काठावर आला तेव्हा त्याच्या दाढीवरून पाणी गळत होतं, मांडीपर्यंतच्या पाण्यात गेलेला असून.

"तुमी हाक मारली का मले?"

"मागं पाहू नको म्हणालो तेवढंच."

"त्याच्या आधी. लहान आवाज होता."

मी नाही म्हणालो. तो दुपट्टा छातीशी धरून चालू लागला.

शाळेत सभा भरली होती. वर्गातल्या सतरंजीवर सगळे बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून, चेहऱ्यावर तेच हसू. केंद्रप्रमुखांनी कागद समोर ठेवला होता. बकाराम ओल्या धोतरानं आत आला. त्यानं दुपट्टा सोडला नाही, नुसता सतरंजीवर ठेवला आणि म्हणाला, "मी सही करत नाई."

 मग गोवर्धननं डोळे चोळले, झोपेतून उठल्यासारखे. त्यानं कागद ओढला, वाचला.

"हे कोनी लिवलं बे? 'सर्वानुमते'? माझं मत कवा विचारलं?"

"तुझी सही आहे त्याच्यावर," हेमेंद्र म्हणाला, आणि त्याचाही आवाज बदलला होता. "खाली पाह्य. दिसते का चष्मा देऊ?"

"अन् तुझी बी आहे. तू तं करूनच राहिला होता कवापासून. गाडीचं पेट्रोल तुझ्याच दुकानातून जाईन ना!"

"ए, तोंड सांभाळ!"

"नाई सांभाळत! माझं तोंड आहे, सरकारचं नाई!"

क्षणात सगळे उभे होते. छोटेलाल काय म्हणत होता ते त्यालाच कळत नव्हतं, पण सगळ्यात मोठ्यानं म्हणत होता. गोवर्धननं कागदाचे दोन तुकडे केले आणि हेमेंद्रनं, आपल्या बाजूचा कागद असूनही, त्वेषात त्यातल्या एकाचे आणखी दोन केले. केंद्रप्रमुख पिशवी घेऊन दाराकडे सरकले. जाताना मला म्हणाले, "बरं वाटलं हो." का म्हणाले ते मी विचारलं नाही.

दाराबाहेर रुची मॅडम डोळे पुसत होत्या, आणि हसत होत्या.

ठराव बारगळला. सोमवारी व्हॅन आली तेव्हा दोन्ही पारांची माणसं रस्त्यात उभी होती, एकमेकांना शिव्या देत, पण उभी होती. व्हॅन वळली. पत्र्याचा फोटो निघाला, पत्रा बदलला गेला. शाळा आजही टोल्यावरच आहे. खिचडीला मुलं बसतात, त्या दोन ओळीही परत आल्या. हेही खरं आहे ते सांगायला हवं.

मारबतीचं तोंड बकारामनं शाळेच्या स्वयंपाकाच्या पडवीत आढ्यावर ठेवलं आहे. नंदाबाईचा खोकला आला. बकारामची तेवढी तयारी होती. तो अडुळशाचा काढा करून देत होता.

पण त्या सोमवारी नंदाबाईनं मुलांना वाढल्यावर आणखी एक ताट वाढलं आणि दोन ओळींच्या मधे, शेवटाला ठेवलं. बकाराम लाकडं घेऊन आला होता.

"हे कोनाचं?"

"आला ना तो," ती म्हणाली.

तेव्हा तिनं सांगितलं. ती मारबतीला खोकला कधीच देत नव्हती. पोरगा गेल्यापासून दर पावसाळ्यात, पाणी वाढलं की तिला नाल्याकडून हाक ऐकू यायची, "माय, मले घेऊन जा." रात्र रात्र यायची. ती हाक ती दरवर्षी मारबतीला द्यायची. दिली की ऐकू यायची थांबायची, पुढच्या पावसापर्यंत. एका माईनं हे मागणं मारबतीकडे करावं याची लाज वाटून तिनं कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

"आता नाल्यावरून नाई येत," ती म्हणाली. "आता अथून येते." आणि तिनं वर्गाकडे बोट केलं.

मी तिथं नव्हतो. हे बकारामनं मला सांगितलं, भिंतीला पाठ लावून बसून. त्याला स्वतःला काही ऐकू येत नाही. त्याचंच त्याला वाईट वाटतं. रोज संध्याकाळी तो तिला विचारतो आणि ती सांगते, आज बाराखडी म्हणत होता, आज नुसता हसत होता.

मलाही विचाराल, तर मी काय सांगू? सकाळी मुलं पाढे म्हणतात तेव्हा मी कधी कधी शाळेवरून जातो. सगळ्यांचं म्हणून झालं की एक आवाज थोडा मागे राहतो. असतं तसं, एखादं मूल मागे पडतंच. रुची मॅडम मात्र तो संपेपर्यंत पुढची ओळ सांगत नाहीत, एवढं मी पाहिलं आहे. त्या आता उशिराही येत नाहीत.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा मारबत निघाली. पाट्या होत्याच, गेल्या वर्षीपेक्षा मोठ्या. बकाराम दोन्ही पारांच्या पोरांना म्हणाला, "खोकला म्हना, रोगराई म्हना. दुसरं काई म्हनू नका." हेमेंद्र काहीतरी विनोद करणार होता, पण त्यानं बकारामच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःच दोन्ही पाट्या गोळा करून घरात टाकल्या.

मिरवणूक बकारामच्या दारात आली. नंदाबाई झिजलेला झाडू घेऊन उभी होती. आम्ही थांबलो. तिनं मारबतीच्या तोंडाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग वाकली आणि झाडू टाकायच्या ऐवजी त्याच झाडूनं आपलं अंगण झाडायला लागली. बकारामनं खांदा बदलला आणि म्हणाला, "चला रे."

परत येताना सगळे पांगले. मी आणि बकाराम मागे राहिलो. शाळेशी पोचलो तर नंदाबाई पडवीच्या पायरीवर बसली होती. बकारामनं भिंतीला तळहात लावला आणि तसाच ठेवला.

"काय म्हनून राहिला?"

"नवाचा पाढा," नंदाबाई म्हणाली. "नऊ सत्ते चुकते त्याचं अजून."

शाळेला त्या दिवशी सुटी होती. दोन्ही खोल्यांना कुलूप होतं.